दुसरी नळी

सुई टोचण्यात मुंगीताईंचा हात धरणारं त्या रुग्णालयात कुणी नव्हतं. त्या बावीस वर्षं लोकांचं रक्त काढत होत्या. प्रत्येकाला एकच वाक्य सांगायच्या, "आता मुंगी चावल्यासारखं वाटेल हं," आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत सुई बाहेर आलेली असायची. नाव पडलं ते त्यावरूनच. खरं नाव आता फक्त गळ्यातल्या ओळखपत्रावर उरलं होतं, आणि तिथंही ते पुसट झालं होतं.

कामात त्या पक्क्या, पण मनाने मऊ. नवी मुलं एकाच हाताला तीन-तीनदा टोचून शीर शोधायची, ते पाहून त्यांचा संताप व्हायचा. सुई ही कमीत कमी वेळा टोचायची गोष्ट आहे, हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना. आणि नेमक्या त्या धर्माच्या आड एक नियम आला होता.

नियम असा. ज्याला रक्त द्यावं लागेल, त्याचा रक्तगट एकदा तपासून भागायचं नाही. दोन नळ्या घ्यायच्या, दोन वेगवेगळ्या वेळी, मध्ये निदान अर्धा तास सोडून. दोन्ही वेळा माणसाच्या मनगटावरच्या पट्टीवरचा चौकोनी कोड वाचायचा, मग नळीवरचा वाचायचा. दोन्ही नळ्यांचा गट एकच आला, तरच रक्तपेढीतून पिशवी सुटायची. पहिल्या खेपेला चुकून भलत्याचंच रक्त घेतलं गेलं, तर दुसऱ्या खेपेला ते उघडं पडावं, यासाठी ही सगळी खटपट. कारण भलत्या गटाचं रक्त अंगात गेलं तर ते जीवच घेतं, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

मुंगीताईंनाही ते पाठ होतं. पण आज पोट फाडून घ्यायचंय म्हणून आधीच अर्धमेल्या झालेल्या माणसाला सकाळी सहाला टोचायचं आणि पावणेसातला पुन्हा टोचायचं, हे त्यांच्या जिवावर यायचं. मग त्यांनी एक युक्ती काढली. एकदाच टोचायचं आणि दोन नळ्या भरून घ्यायच्या. एक लगेच द्यायची. दुसरी एप्रनच्या खिशात ठेवायची, अंगाच्या उबेत, आणि अर्ध्या तासाने ती दुसऱ्यांदा घेतली असं दाखवून द्यायची. रुग्ण खूश, प्रयोगशाळा खूश, कॉम्प्युटर तर सगळ्यांत खूश. दोन्ही नळ्या एकाच हातातल्या, मग गट जुळणार नाहीत तर काय होतील?

कोडाचं प्रकरण रुग्णालयात येऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हा कॉम्प्युटरवाल्या साहेबांनी सगळ्यांना एका खोलीत बसवून दोन तास शिकवलं होतं. बोलायची भारी हौस त्या गृहस्थाला. काळ्या रेघांचे कोड कसे सुचले ते त्यांनी रंगवून सांगितलं. म्हणे एक तरुण समुद्राकाठी बसला होता, तारेच्या भाषेतल्या टिंबांचा आणि रेघांचा विचार करत त्याने वाळूत बोटं खुपसली आणि सहज मागे ओढली, तर चार रेघा उमटल्या, काही बारीक, काही जाड. त्या वाळूतल्या रेघा दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोचायला पंचवीस वर्षं लागली, आणि पहिल्यांदा वाचलं गेलं ते काय, तर च्युइंगगमचं पाकीट. चौकोनी कोड त्याच्या पुष्कळ नंतरचे. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात एका खोक्यावर दहा-दहा रेघांच्या पट्ट्या असायच्या, त्या वाचता वाचता कामगार वैतागून जायचे. मग तिथल्या एकाने काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पट पाहून हा चौकोन बसवला. कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन यंत्राला सांगतात की कोड इथे आहे आणि असा आहे. थोडा फाटला, मळला, तरी वाचता येतो.

मागच्या बाकावर मुंगीताईंना डुलकी लागली होती. पण साहेबांचं शेवटचं वाक्य कानात शिरलं. ते म्हणाले, "हे यंत्र कागद वाचतं, माणूस नाही वाचत. कागद आणि माणूस एकत्र आणायचं काम तुमचं."

यात काय मोठं सांगितलं, असं त्यांना वाटलं. कोडांचं त्यांना अप्रूप राहिलं नव्हतं. बस-थांब्यावर कोड, औषधाच्या खोक्यावर कोड, खानावळीत टेबलावर पदार्थांच्या यादीऐवजी कोड. घरी तर यजमानांना निवृत्त झाल्यापासून छंदच जडला होता. बिस्किटाचा पुडा आणला तरी आधी मोबाइल रोखायचे आणि ते बिस्कीट कुठल्या कारखान्यातून आलं ते बायकोला वाचून दाखवायचे. मुंगीताई म्हणायच्या, मी तुमच्यासमोर चहाचा कप ठेवते त्यावर कोड नाही, तरी तो कुणी केला ते ओळखा.

वॉर्डात मात्र या कोडाने त्यांना छळलं. सुकलेल्या मनगटावर पट्टी गोल वळलेली असायची, यंत्र ती वाचायचंच नाही. कुणाचा हात पांघरुणात, कुणाची पट्टी ओली, कुणाच्या मनगटावर सलाइनची चिकटपट्टी. हात ओढायचा, वळवायचा, यंत्र टूं करून लाल व्हायचं, माणूस जागा होऊन कण्हायचा. यावरही मुंगीताईंनी तोड काढली. रुग्ण दाखल झाला की कोडांच्या चिकटपट्ट्यांचा अख्खा कागद छापून यायचा. त्यातली एक चिकटपट्टी त्या आपल्या खिशातल्या वहीत लावायच्या, शेजारी खाटेचा नंबर लिहायच्या. मग मनगट हवं कशाला? वहीतला कोड वाचायचा, नळीवरचा वाचायचा, की हिरवा दिवा. पट्टी सपाट, कागद कोरडा, दिवा पहिल्या झटक्याला.

दोन वर्षांत त्यांच्या नावावर एकही लाल दिवा लागला नव्हता. वरिष्ठांनी म्हणून सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं आणि प्रशस्तिपत्र दिलं. ते घेताना आपलं काही चुकतंय असं त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

त्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुंगीताई बायकांच्या वॉर्डात शिरल्या. वहीत बारा नंबरच्या खाटेपुढे एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची चिकटपट्टी होती. आदल्या संध्याकाळी दाखल झालेल्या, वय बेचाळीस, गर्भाशयाच्या गाठी, ऑपरेशन साडेदहाला. मुंगीताईंनी त्यांना अजून पाहिलंही नव्हतं. कागद कार्यालयातून आला होता.

बारा नंबरवरची बाई तोंडावर शाल घेऊन भिंतीकडे वळून झोपली होती. एक हात मात्र बाहेर होता, कोपरापर्यंत उघडा, शीर छान टपोरी. जणू हात आपणहून पुढे केलेला. नाव विचारायचाही नियम होताच. पण आज जिचं ऑपरेशन आहे तिला रात्री झोप लागली नसणार, आत्ता कुठे डोळा लागलाय, कशाला उठवा? मुंगीताईंनी कुजबुजत मुंगीचं वाक्य म्हटलं. शालीखालून नुसतं "हं" आलं. दोन नळ्या भरल्या. वहीतला कोड, नळीचा कोड, हिरवा. पावणेसातला खिशातली नळी, पुन्हा वही, पुन्हा हिरवा.

पुढचे पाच तास त्या कामात बुडून गेल्या.

साडेअकराच्या सुमाराला त्या वॉर्डात परत आल्या, पाच नंबरवरच्या आजीची साखर बघायला. परतताना अकरा नंबरपाशी थबकल्या. खाट रिकामी होती, आणि शेजारच्या स्टुलावर एक म्हातारी शाळेच्या गणवेशाच्या शर्टांना बटणं लावत बसली होती. मांडीवर दोन शर्ट, पायाशी पिशवीत आणखी डझनभर. रुग्णालयात असं दृश्य रोज दिसत नाही. मुंगीताईंनी कौतुकाने विचारलं, आजी, इथेही काम?

म्हातारी बोलकी निघाली. ती शिवणकामवाल्या बाईंची सासू. सून शिवते, काजं-बटणं सासूकडे. शाळा सोमवारी उघडते, शर्ट द्यायलाच हवेत, आणि हात रिकामा राहिला तर जीव नुसता ऑपरेशनच्या खोलीकडे धावतो, त्यापेक्षा हे बरं. मग तिने मुंगीताईंच्या हातातला ट्रे पाहिला आणि हसली.

"तुम्ही सुईवाल्या का? आमची सून तुमच्याच नावाने घाबरून होती बघा. दिवसभर सुई हातात, पण स्वतःच्या अंगाला लागली की रडते. आज मात्र तिचं नशीब चांगलं. सकाळपासून वाट बघत होती, कुणी रक्त घ्यायला आलंच नाही."

मुंगीताईंनी ट्रे खाली ठेवला. घरातून लांब निघून आल्यावर गॅस चालू राहिल्याचं आठवावं, तसं झालं. पण हे त्याहून फार मोठं होतं, आणि कळायला त्यांना एक क्षण लागला.

त्यांनी विचारलं, सूनबाई कुठल्या खाटेवर होत्या? याच की, सासूबाई म्हणाल्या. म्हणजे काल संध्याकाळी बारावर दिली होती, पण अकरावरच्या बाईंना वरच्या झरोक्यातून वारं लागायचं, खोकून खोकून बेजार झाल्या होत्या बिचाऱ्या. पहाटे सूनच म्हणाली, माझी खाट घ्या, मला वाऱ्याचं काही नाही. सिस्टरनी लगेच दोघींना हलवलं, फळ्यावरही लिहिलं.

मुंगीताईंनी फळ्याकडे पाहिलं. लिहिलं होतं. निळ्या अक्षरांत, बाणासकट. सकाळी त्या त्याच फळ्याच्या खालून गेल्या होत्या. बारा नंबरवरची बाई आता उठून बसली होती आणि पेपर वाचत होती. उजव्या हाताच्या कोपरात कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी. आपलं रक्त कशाला घेतलं असा तिला प्रश्नही पडला नव्हता. रुग्णालयात कोण विचारतं?

मुंगीताई वॉर्डातल्या कॉम्प्युटरपाशी गेल्या. पडद्यावर शिवणकामवाल्या बाईंचं नाव उघडलं. पहिली नळी, सहा दहा, गट ए. दुसरी नळी, सहा पंचेचाळीस, गट ए. जुळलं. दोन पिशव्या दिल्या. सगळं हिरवं. एकही गोष्ट चुकीची नव्हती, फक्त ते रक्त त्या बाईंचं नव्हतं, आणि हे जगात एकट्या मुंगीताईंना माहीत होतं. यंत्र सांगणार नव्हतं. प्रयोगशाळा सांगणार नव्हती. ऑपरेशनच्या खोलीत दोन जणी पिशवीवरचा कोड आणि मनगटावरचा कोड वाचतील, तोही जुळेल, कारण दोन्ही कोड खरे होते.

मग आशा आली. माणसाला बुडताना ती येतेच. गट ए काही दुर्मीळ नाही. सुनेचाही तोच असेल. का नसेल? रक्त लागणारही नाही कदाचित, पिशव्या नुसत्या तयार ठेवतात, किती तरी वेळा तशाच परत जातात. त्या सासूबाईंकडे परत आल्या आणि आवाज होईल तितका साधा ठेवून विचारलं, सूनबाईंचा रक्तगट माहीत आहे का?

सासूबाईंनी सुई शर्टातच टोचून ठेवली, पिशवीतून प्लास्टिकची थैली काढली, थैलीतून सुनेच्या बाळंतपणातलं जुनं कार्ड काढलं. घडीवर फाटलेलं, पण अक्षर स्वच्छ. ओ.

ओ गटाच्या माणसाला ए रक्त. मुंगीताईंनी खाटेचा दांडा धरला.

फोन वॉर्डाच्या टेबलावर होता, आठ पावलांवर. त्या पोचल्या, नंबर फिरवला. घड्याळात अकरा अठ्ठेचाळीस. पलीकडे ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर आल्या. त्यांना सगळे कडक सिस्टर म्हणायचे, आणि ते काही उगीच नव्हतं.

"त्या शिवणकामवाल्या बाईंचा," मुंगीताई म्हणाल्या, "रक्तगट पुन्हा एकदा बघून घ्याल का?"

"का? काय झालं?"

आता बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं, वाक्य जिभेवर होतं. आणि त्याच क्षणी सगळं डोळ्यांपुढून गेलं. चौकशी समिती. खिशातली वही टेबलावर उघडून ठेवलेली. दोन वर्षांत घेतलेल्या सगळ्या दुसऱ्या नळ्या, किती शंभर असतील कोण जाणे, एकेक करून विचारल्या जाणाऱ्या. निवृत्तीला वीस महिने. लोक मुंगीताई म्हणून हाक मारायचे ती हाक.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "सहजच."

पलीकडे उसासा ऐकू आला. "अहो, दोन्ही नळ्या जुळल्यात, पडद्यावर हिरवं दिसतंय. इथे आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नाही." आणि फोन बंद झाला.

लाजेची गोष्ट अशी, की मुंगीताईंना जरा हलकं वाटलं. सांगितलं तर खरं. पुन्हा बघा म्हणून सांगितलं. आता बघतील. त्यांनी स्वतःला हे दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा समजावायला गेल्या तेव्हा मन ऐकेना. सहज म्हटल्यावर कोण बघतं? त्यांना स्वतःला कुणी सहज सांगितलं असतं तर त्यांनी बघितलं असतं का?

"काही गडबड आहे का हो?" सासूबाईंनी विचारलं.

मुंगीताई म्हणाल्या, नाही आजी, काही नाही.

म्हातारीचा त्यावर विश्वास बसला, हेच वाईट झालं. ती पुन्हा बटणाला लागली. दोरा संपला होता. नवा दोरा सुईत जाईना, डोळ्यांपुढे धरला, ओठात ओला केला, पुन्हा धरला. शेवटी तिने सुई आणि दोरा मुंगीताईंपुढे केला. तुमचा हात सुईला सरावलेला, जरा ओवून द्या, म्हणाली.

मुंगीताईंनी सुई घेतली. बावीस वर्षांत हा हात कधी थरथरला नव्हता. तान्ह्या मुलांच्या केसाएवढ्या शिरा या हाताने एका खेपेत पकडल्या होत्या. आता दोरा सुईच्या डाव्या बाजूने गेला, उजव्या बाजूने गेला, भोकातून जाईना. बोटं त्यांची नसल्यासारखी हलत होती. सासूबाई आधी हसत बघत होत्या. मग हसू गेलं. मग त्या सुईकडे न बघता मुंगीताईंच्या चेहऱ्याकडे बघायला लागल्या.

मुंगीताईंनी सुई खाटेवर टाकली आणि धावत सुटल्या.

लिफ्टमध्ये जेवणाच्या गाड्या चढत होत्या. त्या जिन्याने गेल्या. दोन मजले. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी दोन मजले धावत चढणं म्हणजे काय ते त्यांना पहिल्या वळणावरच कळलं, पण भीती छातीत आधीच इतकी भरली होती की दमायला जागा नव्हती. मनात एकच हिशेब, पिशवी लावली असेल का, नसेल लावली, नसेल लावली. थिएटरचं दार ओळखपत्राच्या कोडावर उघडायचं. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र यंत्रापुढे धरलं. टूं. लाल. त्यांना त्या दारातून आत जायची परवानगी नव्हती. पुन्हा धरलं, पुन्हा लाल. मग त्यांनी दोन्ही मुठींनी दार बडवायला सुरुवात केली.

दार उघडलं ते कडक सिस्टरांनीच. तोंडावर मास्क, पण कपाळावर आठी दिसत होती. मुंगीताईंना धाप लागली होती, तरी या वेळी एकही शब्द त्यांनी गिळला नाही.

"रक्त लावू नका. दोन्ही नळ्या एकाच वेळी घेतल्या होत्या मी. आणि त्या भलत्याच बाईच्या आहेत. यांचा गट ओ आहे."

कडक सिस्टरांनी एक शब्दही विचारला नाही. वळल्या आणि आत पळाल्या. अर्धवट उघड्या दारातून मुंगीताईंना लांबवर हिरव्या कपड्यांतली माणसं दिसली, आणि त्यांच्या डोक्यावर लोखंडी दांडीला लटकलेली लाल पिशवी. लावलेली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंचा हात वर गेला आणि नळीवरची चिमटी बंद झाली. मग सगळे एकदम हलायला लागले. रक्तदाब खाली चाललाय, कुणीतरी म्हणालं, दहा मिनिटं झाली, मला वाटलं गाठीतून रक्त जातंय म्हणून. कुणी लघवीच्या पिशवीकडे बघून म्हणालं, रंग बघा. मुंगीताईंनी रंग बघितला नाही. दार त्यांच्या तोंडावर बंद झालं.

बाहेरच्या बाकावर त्या किती वेळ बसल्या कुणास ठाऊक. आतून कुणी तरी धावत निघायचं, रक्तपेढीकडे जायचं, नव्या पिशव्या घेऊन परत आत जायचं. दर वेळी दार उघडलं की यांचा जीव वर यायचा आणि दार मिटलं की खाली जायचा. मेली असती तर एवढी धावपळ केली नसती, असं त्या स्वतःला सांगत होत्या. मग वाटायचं, वाचली असती तर इतका वेळ लागला नसता.

एक वाजता कडक सिस्टर बाहेर आल्या. हातात कागद होता, यंत्रातून छापून काढलेला. आता चौकशी होणार, म्हणून त्यांनी वेळा काढून ठेवल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

पिशवीवरचा कोड वाचल्याची वेळ अकरा एक्कावन्न. फोनची वेळ त्यांनी स्वतः पेनाने शेजारी लिहिली होती, अकरा अठ्ठेचाळीस.

"तुमचा फोन आला ना," सिस्टर म्हणाल्या, "तेव्हा पिशवी ट्रेमध्येच होती."

एवढं सांगून, कागद बाकावर ठेवून त्या आत गेल्या. मुंगीताई त्या दोन आकड्यांकडे बघत राहिल्या. दोन वर्षं त्यांनी या यंत्राला हवं ते खोटं खाऊ घातलं होतं आणि त्याने निमूट खाल्लं होतं. ही तीन मिनिटांनंतरची वेळ मात्र त्याने अगदी खरी लिहून ठेवली होती.

त्यानंतर भूल देणाऱ्या डॉक्टरबाई सासूबाईंना घेऊन आल्या, बाकावर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. सूनबाईंना चुकून दुसऱ्या गटाचं रक्त लागलं. थोडंसंच, अर्ध्या कपाहूनही कमी, पण तेवढंही वाईट. ऑपरेशन पुरं झालंय, आता योग्य रक्त चाललंय, रक्तदाब सावरलाय. मूत्रपिंडांना किती धक्का बसला ते उद्यापर्यंत कळेल. आज रात्रभर अतिदक्षता विभागात ठेवू. वाचतील असं वाटतं, पण आत्ता शब्द देत नाही. मग त्या मुंगीताईंकडे वळून म्हणाल्या, या धावत आल्या, म्हणून ते थांबवता आलं. अख्खी पिशवी गेली असती तर बोलायलाच नको होतं. त्यांनाही आत जायची घाई होती.

सासूबाई बाकावरून सरकत जवळ आल्या आणि त्यांनी मुंगीताईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्यांची बोटं सुयांनी खरखरीत झाली होती.

"तुम्ही होतात म्हणून," त्या म्हणाल्या. "मी बघितलं ना, तुमचा हात कसा कापत होता. परक्या बाईसाठी कुणाचा जीव एवढा तुटतो? देव तुमचं भलं करो."

मुंगीताईंना वाटलं, गप्प बसावं. चौकशीत सगळं बाहेर येईलच, तेव्हा कुणी तरी या म्हातारीला सांगेल. आज तिला तरी जरा आधार राहू दे. हा विचार अगदी दयेसारखा दिसत होता. सकाळी बारा नंबरवरच्या झोपलेल्या बाईला उठवू नये असं वाटलं होतं, तोही असाच दिसत होता. त्या स्वतःलाच घाबरल्या.

"आजी, त्या नळ्या मीच भरल्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच बाईच्या हातातून. तोंड बघितलं नाही, नाव विचारलं नाही, मनगट बघितलं नाही. तुमच्या सुनेला माझ्यामुळे हे झालं."

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. खिशातली वही, उबेत ठेवलेली दुसरी नळी, आणि वॉर्डातून केलेला फोन, ज्यात त्या सहजच म्हणाल्या होत्या. काहीही गाळलं नाही. सासूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकत होत्या. त्यांना कोड कळले नसतील, नळ्यांचा नियम कळला नसेल. पण त्यांनी विचारलं ते नेमकं विचारलं.

"तो फोन केलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कार्ड बघून झालं होतं?"

"हो, आजी."

मुंगीताई थप्पड बसायची वाट बघत होत्या. किंचाळी, शिव्या, काहीही. सासूबाईंनी त्यांचे हात सोडले नाहीत. उलट पकड घट्ट झाली, इतकी की नखं रुतली.

"मग इथेच बसायचं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याजवळ. ती डोळे उघडेपर्यंत उठायचं नाही."

मुंगीताई बसून राहिल्या.